मुदपाकखान्यातला भक्त

देवाला वेळ कोठून काढावा, अशी तक्रार हल्ली फार ऐकू येते. पहाटे उठावे तर पाणी भरायचे, दूध तापवायचे, मुलांच्या शाळेची घाई. संध्याकाळी पोथी उघडावी तर दारात कोणीतरी उभा. तक्रार अगदीच खोटी नाही. आम्हीही ती पुष्कळदा केली आहे, आणि ज्या दिवशी मोकळा वेळ मिळाला त्या दिवशी देव आठवला असेही झालेले नाही!

म्हणून आज ज्या भक्ताचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो तो मुद्दाम निवडला आहे. तो आपल्या देशातला नव्हे आणि आपल्या धर्मातलाही नव्हे. सतराव्या शतकातला हा एक फ्रेंच ख्रिस्ती बैरागी. शिक्षण बेताचे, पायाने अधू, हाताने वेंधळा, आणि उमेदीची पंधरा वर्षे गेली ती चुलीपुढे. जगात त्याचे नाव ब्रदर लॉरेन्स म्हणून प्रसिद्ध आहे. फ्रेंच लोक त्याला लोरां म्हणतात. पण आपल्याकडे इंग्रजीतून आलेले नावच रूढ असल्यामुळे आम्हीही तेच ठेवतो.

त्याचे मूळ नाव निकोला एर्मां. लोरेन नावाच्या प्रांतात, ल्युनेव्हिल शहराजवळ एरिमेनिल म्हणून एक खेडे आहे, तेथे साधारण इ. स. १६१४ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. घरची स्थिती गरिबीची. हा प्रांत त्या वेळी स्वतंत्र सरदारीचा होता; एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला जर्मन संस्थाने, आणि मध्ये हा बिचारा सापडलेला. निकोला चारपाच वर्षांचा असेल नसेल, तोच १६१८ साली युरोपात जे युद्ध पेटले ते पुरती तीस वर्षे विझले नाही. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला नांगर सोडून भाला हाती घ्यावा लागला तर त्यात नवल नाही.

पण त्याआधी एक गोष्ट घडली. ती इतकी लहान आहे की दुसऱ्या कोणाच्या चरित्रात तिला ओळभरसुद्धा जागा मिळाली नसती. निकोला अठरा वर्षांचा होता. हिवाळ्याचे दिवस. समोर एक झाड उभे होते, पान म्हणून शिल्लक नव्हते. नुसता खराटा. ते बघता बघता त्याच्या मनात आले, की थोडे दिवस जाऊ देत, याच काटक्यांना पालवी फुटेल, मग मोहोर येईल, मग फळ धरेल; आणि हे सारे घडवणारा कोणीतरी या वेळीही, या वाळलेल्या लाकडातही, काम करीतच आहे. बस्स, एवढेच. आकाशवाणी नाही, तेजाचा लोळ नाही, स्वप्नदृष्टांत नाही. तसले झाड तुम्ही आम्ही दर साल बघतो. परंतु त्या पोराच्या काळजात ते असे रुतले की पुढे म्हातारपणी त्याने सांगितले, त्या दिवशी देवाविषयी जे प्रेम उपजले ते चाळीस वर्षांत वाढले की नाही हे आपल्याला सांगता येत नाही.

आता यानंतर तो लगेच साधू झाला, असे लिहायला आम्हांला आवडले असते. तसे झाले नाही. तो फौजेत शिरला. एकदा जर्मन शिपायांच्या टोळीने त्याला पकडले आणि हेर समजून फासावर चढवण्याची धमकी दिली. आपण हेर नाही, आणि मनाला कसलाही डाग नसल्यामुळे मरणाचे भय वाटत नाही, असे त्याने शांतपणे सांगितल्यावर त्याला सोडून देण्यात आले. पुढे १६३५ साली स्वीडिश फौजेने रांबेर्व्हिलेर गावावर हल्ला केला, त्यात तो जखमी झाला आणि शिपाईगिरी संपली. पायाचे दुखणे मात्र जन्मभर सोबतीला राहिले.

नंतरची काही वर्षे धरसोडीत गेली. एका गृहस्थाबरोबर त्याने एकांतवास करून पाहिला, पण तेथे मन एकदा आनंदात तर एकदा उदास, एकदा रडवे, ठिकाणावर राहीना. एकांत हा काही सर्वांना मानवत नाही, हे त्याला लवकर समजले. मग तो पॅरिसला आला आणि फ्यूबे नावाच्या, राजाच्या खजिन्यावरील एका मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी नोकर म्हणून राहिला. या नोकरीविषयी त्याने स्वतःच मागे जे सांगून ठेवले आहे ते एवढेच, की आपण मोठे धांदरट होतो आणि हाती येईल ते फोडीत होतो!

शेवटी १६४० साली, वयाच्या पंचविशीत, तो पॅरिसच्या वोझिरार रस्त्यावरील कार्मेल संप्रदायाच्या मठात दाखल झाला. मठात गेलो म्हणजे आपल्या वेंधळेपणाबद्दल चांगले फटके बसतील, जन्माचे सुख देवाला वाहून टाकावे लागेल, अशी त्याची समजूत होती. पुढे तो हसून म्हणे की देवाने आपल्याला फसवले, कारण तेथे सुखावाचून काही मिळालेच नाही. हे सुख मिळायला किती वर्षे लागली ते पुढे येईलच. १६४२ च्या ऑगस्टात त्याने कायमची दीक्षा घेतली आणि पुनरुत्थानाचा ब्रदर लॉरेन्स हे नाव त्याला मिळाले. इथून पुढे आम्हीही त्यांना अहोजाहो करू.

या मठाची रीत थोडी सांगितली पाहिजे, नाहीतर त्यांच्या चरित्रातले मर्म हाती लागणार नाही. कार्मेल हा जुना संप्रदाय. सोळाव्या शतकात स्पेन देशात तेरेसा नावाच्या थोर साध्वीने त्याची घडी नव्याने बसवली, आणि त्या नव्या, कडक शाखेचा हा मठ. दुखणेकऱ्याखेरीज कोणाला मांस नाही. सप्टेंबरच्या १४ तारखेपासून ईस्टरच्या सणापर्यंत, रविवार सोडून, उपवास. दिवसरात्रीत ठराविक वेळांना घंटा होई, की दीक्षित पुरोहितांनी मंदिरात जमून लॅटिन भाषेतली स्तोत्रे म्हणायची. ज्यांना अक्षरओळख नाही अशांसाठी संप्रदायाच्या मूळ नियमात सोय केलेली आहे, ती अशी: येशूने शिकवलेली लहानशी प्रार्थना त्यांनी ठरलेल्या संख्येने म्हणावी, सायंकाळी पंधरा वेळा, इतर बहुतेक वेळी सात सात वेळा. लॉरेन्स पुरोहित नव्हते. ते सेवेकरी बंधू, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, शिवणटिपण करणाऱ्यांपैकी.

आणि या सर्व उपासनेचा गाभा म्हणजे रोजचा मिस्सा. कॅथलिक लोकांची अशी श्रद्धा आहे की पुरोहिताने वेदीवर भाकर आणि द्राक्षारस यांवर येशूचे शब्द उच्चारले म्हणजे तेथे स्वतः ख्रिस्त येऊन राहतो. ती भाकर खाऊन उरली तर वेदीजवळच्या लहान कपाटात ठेवतात, पुढे दिवा अखंड तेवत असतो, आणि येणारा जाणारा तेथे गुडघे टेकतो. वाचकहो, ज्याच्या श्रद्धेत देव असा स्थळकाळ धरून, प्रत्यक्ष वेदीवर उभा आहे, त्या माणसाला मंदिरातून उठून भांडी घासायला जावे लागले तर त्याला काय वाटेल? देव मागे राहिला आणि मी दूर चाललो, असेच ना? लॉरेन्सांच्या सगळ्या आयुष्याचा पेच हा आहे.

त्यातून त्यांना काम मिळाले ते मुदपाकखान्याचे. स्वयंपाकाची त्यांना उपजत नावड होती; आवडीने पत्करलेले काम नव्हे हे. चुलीची धग, धूर, एकाच वेळी तिघांच्या हाका, कोणाला पथ्याचे, कोणाला घाईचे. आणि अधू पायावर दिवसभर उभे राहायचे. पंधरा वर्षे! लोक ही गोष्ट सांगताना फार गोड करून सांगतात, जणू पळी हातात घेताच त्यांची समाधी लागत असे. खरी हकीकत तशी नाही.

खरी हकीकत अशी, की मठातली पहिली दहा वर्षे त्यांची फार हालात गेली. आपण देवाला हवे तसे नाही, पूर्वीची पापे डोळ्यांपुढून हलत नाहीत, हा एक ताप. त्यातली चार वर्षे तर अशी गेली की आपण नरकात जाणार याबद्दल त्यांच्या मनात संशयच उरला नव्हता. कोणी कितीही समजावले तरी ते उतरेना. त्यांनी पुस्तके उघडून पाहिली. प्रत्येक पुस्तकात निराळी साधना, निराळ्या पायऱ्या. त्यांनी गोंधळच वाढला. बसून पद्धतशीर चिंतन करावे तर ते त्यांना जमेना. ज्या माणसाने चुलीपुढे देव पाहिला म्हणून जग त्याला ओळखते, तो माणूस एवढी वर्षे मंदिरात आणि चुलीपुढे, दोन्हीकडे, सारखाच घाबरलेला होता. हा भाग गाळून त्यांचे चरित्र सांगणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते.

यातून ते सुटले कसे? भीती गेली म्हणून नव्हे. त्यांनी एके दिवशी मनाशी हिशेब केला, की मी मठात आलो तो देवाच्या प्रेमासाठी. मग माझा उद्धार होवो की अधःपात होवो, मरेपर्यंत जे करायचे ते त्याच्या प्रेमासाठी करीत राहणे एवढे तरी माझ्या हाती आहेच. तारणाचा लोभही त्यांनी सोडून दिला. म्हणजे सौदाच मोडला म्हणा ना! हा त्रास आता जन्मभर पुरेल अशी तयारी केली, आणि तयारी पुरी झाल्यावर एकाएकी अंतःकरणात शांती आली. ती पुढे चाळीस वर्षे मोडली नाही.

त्यांची रीत अगदी साधी होती. कामाला हात घालण्यापूर्वी देवाशी दोन शब्द बोलायचे: आता तुझ्याच आज्ञेने मला या बाहेरच्या गोष्टीत मन घालावे लागते आहे, तेव्हा जवळ राहा. काम चालू असताना मधून मधून त्याच्याकडे वळायचे, जसे एका खोलीत काम करणारी दोन माणसे न बोलताही एकमेकांची चाहूल घेत असतात. काम संपले की मागे वळून पाहायचे. बरे झाले असेल तर त्याचे आभार. बिघडले असेल तर क्षमा मागायची आणि तेथेच ती गोष्ट सोडायची. मला सोडून दिलेस तर मी असाच चुकणार, आता सांभाळायचे तुझ्याकडे, असे स्पष्ट सांगून ते पुन्हा कामाला लागत. चूक झाली म्हणून तासभर कुढत बसणे त्यांना पसंत नव्हते. कुढण्यात सुद्धा माणूस स्वतःलाच कुरवाळीत असतो, हे आमचे मत. त्यांनाही ते पटले असते असे वाटते.

तव्यावरची अंड्याची पोळी उलथायची ती देवाच्या प्रेमासाठी, आणि उलथून झाली, दुसरे काम नसले, की तेथेच जमिनीवर लोटांगण घालायचे, असा त्यांचा प्रघात होता. (अंड्याचे नाव काढताच काही माळकरी वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. ती क्षणभर बाजूला ठेवावी.) जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच भावनेने. हळूहळू असे झाले की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना फरक उरला नाही. उलट कधी कधी मंदिरापेक्षा मुदपाकखान्याच्या गडबडीतच चित्त अधिक स्थिर राही. असे बोलायला ते एकटेच होते असेही नव्हे. स्वयंपाकघरातल्या भांड्यांमध्येसुद्धा प्रभू वावरतो, असे तेरेसाने आपल्या साध्वींना आधीच बजावून ठेवले होते. पण तेरेसाने सांगितले, आणि या अधू माणसाने ते पळी हातात धरून पंधरा वर्षे करून दाखवले.

मग मंदिराची गरजच काय राहिली, असे कोणी म्हणेल. हल्ली असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कामातच देव आहे, देवळात कशाला जायचे! लॉरेन्सांनी तसे कधी केले नाही. मिस्सा, ठराविक प्रार्थना, मठाधिपतींनी सांगितलेला एकांत, हे सारे ते आज्ञेप्रमाणे पाळीत. स्वतः होऊन एकांत मागत नसत एवढेच. आम्हांला त्यांच्या आचरणावरून असे दिसते की वेदीपुढे गुडघे टेकताना जी जाण होते, तीच त्यांनी उचलून चुलीपर्यंत नेली. वेदीच नसती तर न्यायला होते काय?

त्यांची एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना बरगंडी प्रांतात पाठवण्यात आले. आदल्या साली असेच ओव्हेर्न्य भागात पाठवले होते. व्यवहाराची अक्कल आपल्याला मुळीच नाही, हे ते जाणून होते. त्यात पाय असा, की नावेत इकडून तिकडे जायचे तर उभे राहता येईना. मग हे महाशय पिंपांवर आडवे होऊन गडगडत जात! देवाला त्यांनी सांगून टाकले होते, की हा धंदा तुझा, मी नुसता हमाल. आणि खरेदी चांगली होऊन गेली. कशी झाली हे त्यांना स्वतःलाच कळले नाही.

पायाचे दुखणे वाढत चालले तेव्हा त्यांना चुलीवरून काढून मठातल्या पादत्राणांच्या कामावर बसवले. बसून वहाणा शिवायच्या. हे काम त्यांना आवडे. परंतु आवडते म्हणून धरून ठेवायचे नाही, बोलावले की पुन्हा मुदपाकखान्यात हातभार लावायला जायचे. आवड आणि नावड दोन्ही सारख्याच तराजूत घालण्याचा हा त्यांचा स्वभाव होऊन गेला होता.

एवढ्यावरच हे चरित्र संपले असते आणि आपल्याला त्यातले काहीच कळले नसते. पण १६६६ च्या ऑगस्टात जोसेफ द बोफोर नावाचे एक विद्वान धर्मगुरू त्यांना भेटायला आले. पुढे हे बोफोर पॅरिसच्या मुख्य धर्माध्यक्षांचे प्रतिनिधी झाले. म्हणजे किती मोठा माणूस ते बघा. तो या लंगड्या बंधूसमोर येऊन बसला. सव्वा वर्षात चार वेळा त्यांचे बोलणे झाले आणि प्रत्येक वेळी बोफोरांनी ते घरी जाऊन टिपून ठेवले. लॉरेन्सांनी स्वतः ग्रंथ असा लिहिलाच नाही. काही पत्रे तेवढी लिहिली. तीही मोठ्या संकोचाने, आणि एकदा तर पत्र कोणाला दाखवणार नाही या अटीवर.

ही पत्रे साध्वींना आहेत, संसारी बायकांना आहेत. एका शिपाईगड्यासाठी त्यांनी असा निरोप धाडला आहे, की क्षणभर हृदय वर उचलले तरी पुरे, चालता चालता, हातात तलवार असतानासुद्धा ते जमते. स्वतः शिपाई होते म्हणून हे सुचले. एका साध्वीने प्रार्थनेत मन भटकते अशी तक्रार केली. तर त्यांनी तिला सांगितले की हा रोग प्रार्थनेच्या वेळी बरा होत नाही. दिवसभर मन मोकाट सोडायचे आणि घंटा झाली की बांधायला जायचे, तर ते कसे बांधून घेईल? बाकीच्या वेळी त्याला देवाच्या जवळपास ठेवावे, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी ते फार लांब गेलेले नसते. हे वाचल्यापासून आम्ही आमच्या जपाच्या माळेला दोष देणे सोडले आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर, १६९२ आणि १६९४ साली, बोफोरांनी ही पत्रे, वचने आणि संभाषणे छापून काढली. पुढे या लहान पुस्तकांच्या नशिबी चमत्कारिक फेरा आला. फेनेलाँ नावाचे थोर धर्माध्यक्ष लॉरेन्सांना आजारपणात भेटून गेले होते. फार दुखण्यात असूनही ते अतिशय आनंदी दिसले, अशी आठवण त्यांनी नोंदवली. पण निवांत, निष्काम प्रार्थनेवरून फ्रान्समध्ये मोठा वाद माजला, १६९९ मध्ये पोपने फेनेलाँच्या ग्रंथातली काही मते त्याज्य ठरवली, आणि वादात लॉरेन्सांचेही नाव ओढले गेल्यामुळे त्यांच्याच पंथातले लोक त्यांचे पुस्तक हाती घ्यायला कचरू लागले. मग ते जिवंत ठेवले कोणी? प्रॉटेस्टंटांनी, म्हणजे ज्यांना मठही मान्य नाही आणि मिस्साही नाही त्यांनी! पिएर प्वारे यांनी ते पुन्हा छापले, इंग्रजीत भाषांतरे झाली, जॉन वेस्ली यांनी आपल्या ग्रंथमालेत त्याला जागा दिली. आज दोन्ही पंथांचे लोक ते वाचतात. इंग्रजी येणाऱ्या वाचकाला ते बसल्या बैठकीला वाचून होण्यासारखे आहे.

शेवटची वर्षे पायाला व्रण होऊन असह्य वेदना होत. १६९१ च्या फेब्रुवारीची ६ तारीख होती, त्या दिवशी त्यांनी एका साध्वीला पत्र लिहिले. देव थोड्या दिवसांत आपल्याला भेटेल अशी आशा त्यात व्यक्त केली. दोन दिवसांनी अंथरूण धरले. कुशीवर वळताना फार दुखे, तेव्हा मुद्दाम दुखऱ्या कुशीवर वळवून घेत. कोणीतरी जवळ बसून विचारले, की आता मनात काय चालले आहे? पुढे अनंतकाळ जे करायचे तेच आता करतो आहे, असे उत्तर मिळाले: देवाला धन्यवाद द्यायचे, त्याची स्तुती करायची, त्याच्यावर प्रेम करायचे. १२ तारखेला, सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास, कोणतीही तडफड न होता त्यांचा प्राण गेला.